महामारी आणि कर्करोगाची शस्त्रक्रिया : 'पुढच्या तारखे'चा इतिहास

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी आम्हाला फोन केला. म्हणाले, सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, हा विषय डॉक्टरांचा, तुम्ही यात कुठे? प्रश्न बरोबर आहे. आम्ही वैद्य नाही. सुरी हातात धरली ती भाजी चिरण्यापुरती. पण २०२० साली रुग्णालयांत जे घडलं त्यात वैद्यकाइतकाच न्यायाचा प्रश्न होता. कोणाला आधी, कोणाला नंतर, आणि हे ठरवायचं कोणी? हा प्रश्न आमच्या शास्त्राचा जुना प्रश्न आहे. तेव्हा तेवढ्या अधिकारावर बोलतो.

आणखी एक कारण आहे, ते घरचं आहे. आमच्या थोरल्या बंधूंच्या पत्नी, आमच्या वहिनी, सातारा जिल्ह्यातल्या एका गावी राहत. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांना छातीत गाठ लागली. बायोप्सी झाली, कर्करोग निघाला. पुण्यातल्या एका रुग्णालयात शस्त्रक्रियेची तारीख मिळाली, २७ मार्च. आणि २५ मार्चपासून देश बंद. रुग्णालयातून फोन आला तो आम्हीच घेतला. पलीकडून सांगितलं, "पेशंटची सर्जरी इलेक्टिव्ह कॅटेगरीत आहे, पुढची तारीख कळवू." आम्ही वहिनींना फोन केला. त्यांनी विचारलं, "भावजी, इलेक्टिव्ह म्हंजे काय हो?" आम्ही आयुष्यभर मास्तरकी केलेली, शब्दाला शब्द देण्याची सवय. बोलून गेलो, "ऐच्छिक." पलीकडे क्षणभर काही आवाज नाही. मग त्या म्हणाल्या, "ऐच्छिक? आन् माझी इच्छा कुणी इचारली?"

आजचं सगळं व्याख्यान म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्याची खटपट आहे असं समजा.

आधीच्या साथींत हा प्रश्न का नव्हता?

आपल्याकडे साथी काही नव्या नाहीत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात धुमाकूळ घातला. १८९७ चा साथरोग कायदा त्याच काळातला, आणि २०२० च्या मार्चमध्ये आपल्या राज्यानं तोच कायदा पुन्हा बाहेर काढला. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. पुढे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ मुंबई बंदरातून देशभर पसरली. तिच्यात हिंदुस्थानात किमान सव्वा कोटी माणसं दगावली असावीत असा अंदाज आहे.

या साथींच्या आठवणीत कर्करोगाची थांबलेली शस्त्रक्रिया आपल्याला आढळत नाही. का बरं? त्या काळी कर्करोग नव्हता असं नव्हे. पण शस्त्रक्रिया पुढे ढकलायची तर आधी ती ठरलेली असावी लागते. भूल देण्याची जाहीर सुरुवात १८४६ ची, बोस्टनची. जंतूंपासून जखम राखण्याची लिस्टरची पद्धत १८६७ च्या सुमाराची. बिलरोथनं व्हिएन्नात कर्करोग झालेला जठराचा भाग यशस्वीपणे कापून काढला तो १८८१ साली. स्तनाच्या कर्करोगावरची हालस्टेडची मोठी शस्त्रक्रिया १८९० च्या दशकातली. म्हणजे प्लेग पुण्यात आला तेव्हा कर्करोगाची शस्त्रक्रिया ही नुकती रांगू लागलेली विद्या होती, तीही परदेशात. आपल्या सामान्य माणसाला तर रुग्णालय हीच मुळात भीतीची जागा होती. जिथे तारीखच मिळत नाही, तिथे तारीख चुकण्याचं दुःख कुठलं?

तेव्हा पहिली गोष्ट लक्षात ठेवूया. महामारीनं कर्करोगाची शस्त्रक्रिया थांबणं ही प्रगतीनंतर आलेली अडचण आहे. रुग्णालय वेळापत्रकावर चालू लागलं, तेव्हाच ते वेळापत्रक मोडणं ही घटना झाली.

आपल्याकडे हे वेळापत्रक उभं राहायला परळचं टाटा रुग्णालय कारण झालं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानं गेल्या, पुढच्याच वर्षी सर दोराबजी गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं, ८० खाटांचं. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेलं. पुढे बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल, आपला विदर्भ-मराठवाडा, सगळीकडून 'टाटाला जायचं' असं म्हणत माणसं परळला येऊ लागली. ही 'जाण्याची' गोष्ट ध्यानात असू द्या, पुढे लागेल.

परदेशात या संकटाची एक छोटी रंगीत तालीम होऊन गेली होती. २००३ साली सार्सची साथ टोरांटोत शिरली, तेव्हा तिथल्या रुग्णालयांना तातडीची नसलेली कामं आणि ठरलेल्या शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या. पण एका शहरात घडलेली गोष्ट जग फार दिवस आठवणीत ठेवत नाही.

शस्त्रक्रिया नेमकी थांबते कशी?

पुष्कळांना वाटतं, सरकारनं बंद करा म्हटलं आणि बंद झालं. तसं सरळ नाही. मार्च २०२० मध्ये केंद्रानं रुग्णालयांना आवश्यक नसलेल्या नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलायला सांगितलं हे खरं. इंग्लंडच्या आरोग्यसेवेनंही १७ मार्चच्या पत्रात तातडीच्या नसलेल्या नियोजित शस्त्रक्रिया किमान तीन महिने थांबवायला सांगितलं, मात्र कर्करोगाच्या उपचारांना त्यातून वगळलं. कागदावर कर्करोग वगळलेला, तरी शस्त्रक्रिया कमी झाल्याच. का?

एका मोठ्या शस्त्रक्रियेला काय काय लागतं ते मोजूया. भूलतज्ज्ञ लागतो. आणि साथीत व्हेंटिलेटर सांभाळायला तोच भूलतज्ज्ञ हवा असतो. नंतर दोनेक दिवस अतिदक्षता विभागातली खाट लागते, तीच खाट कोविडच्या रुग्णालाही लागते. परिचारिका लागतात. त्यातल्या एकीची चाचणी पॉझिटिव्ह आली की तिच्याबरोबरच्या सगळ्यांचं विलगीकरण, म्हणजे एक अख्खा वॉर्ड बसला. रक्त लागतं, आणि कॉलेजं, कचेऱ्या, मंडळं बंद म्हणजे रक्तदान शिबिरं बंद. पीपीई किट लागतात. ती सुरुवातीला मिळत नव्हती, मिळाली तर आत घामानं भिजून सहा-सहा तास उभं राहायचं.

त्यातून आपल्या देशातल्या पुरुषांत तोंडाचा कर्करोग फार, तंबाखू-गुटख्याची कृपा. तोंडाची शस्त्रक्रिया म्हणजे सर्जनचा चेहरा रुग्णाच्या श्वासापासून हातभर अंतरावर. श्वासनलिकेला छिद्र पाडायचं तर तुषार थेट अंगावर. म्हणजे जो कर्करोग आपल्याकडे जास्त, त्याचीच शस्त्रक्रिया डॉक्टरांना जास्त धोक्याची.

आणि या सगळ्याच्या आधी रुग्ण दारात यायला हवा. २२ मार्चपासून प्रवासी रेल्वे थांबल्या. मुंबईची लोकल सामान्यांसाठी बंद. १५ जूनला ती सुरू झाली तीही अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांपुरती. एसटी बंद, जिल्ह्याच्या हद्दीवर पास. 'टाटाला जाणारा' माणूस जाणार कसा? जे आधीच आलेले होते ते परळ-हिंदमाता भागातल्या पुलाखाली आणि फुटपाथवर अडकले. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या संस्था वर्षानुवर्षं अशा रुग्णांना आसरा देत आल्या आहेत, पण धर्मशाळेच्या खोल्याही मोजक्याच.

तेव्हा बघा, एकाही माणसानं 'कर्करोगाची शस्त्रक्रिया बंद' असं म्हटलं नाही, तरी ती बंद पडते. साखळीतली कुठलीही कडी तुटली तरी पुरे होते.

दोन भीती

डॉक्टरांपुढे त्या दिवसांत दोन भीती होत्या, आणि दोन्ही खऱ्या होत्या.

पहिली अशी की शस्त्रक्रिया केली आणि रुग्णाला संसर्ग झाला तर? फेब्रुवारी २०२० मध्ये चीनमधून एक छोटा अभ्यास आला. कोविडच्या १५९० रुग्णांत कर्करोग असलेले किंवा होऊन गेलेले १८ निघाले. त्या १८ पैकी ३९ टक्क्यांची प्रकृती गंभीर झाली, इतरांत हे प्रमाण ८ टक्के होतं. अठरा माणसांवरून जगाचं धोरण ठरावं का, हा तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गातला प्रश्न. पण हातात दुसरं काही नसलं की माणूस अठराच मोजतो. मग मे महिन्यात 'लॅन्सेट'मध्ये कोविडसर्ज या आंतरराष्ट्रीय गटाचा अभ्यास आला. २४ देशांतली २३५ रुग्णालयं आणि शस्त्रक्रियेच्या आगेमागे संसर्ग झालेले ११२८ रुग्ण. त्यांतले २३.८ टक्के ३० दिवसांत दगावले. चारात जवळजवळ एक. कोणता सर्जन घाबरणार नाही? मात्र हा आकडा संसर्ग झालेल्यांचा होता, आणि त्यात बहुतेक शस्त्रक्रिया तातडीच्या होत्या. शस्त्रक्रिया झालेल्या सगळ्यांचा तो आकडा नव्हे. हा फरक भीतीच्या दिवसांत सुटून जातो.

दुसरी भीती अशी की शस्त्रक्रिया केली नाही तर? गाठ काही लॉकडाऊन पाळत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये 'बीएमजे'त याचा हिशेब आला. आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून तो मांडलेला होता. शस्त्रक्रियेला दर चार आठवड्यांचा उशीर झाला की मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. याचा अर्थ नीट समजून घेऊया. वेळेवर शस्त्रक्रिया झालेल्या शंभरांत वीस जाणार असतील, तर महिन्याच्या उशिरानं साधारण एकवीस-बावीस जातील. दिसायला एखादं माणूस. पण उशीर बारा आठवड्यांचा झाला तर स्तनाच्या कर्करोगात ही वाढ २६ टक्क्यांपर्यंत जाते असं त्याच अभ्यासाचं गणित आहे.

या दोन भीतींत पहिलीला चेहरा आहे. अमका रुग्ण, अमक्या टेबलावर, अमक्या तारखेला गेला. चौकशी होईल, वर्तमानपत्रात येईल. दुसरीला चेहरा नाही. ती दोन-तीन वर्षांनी, कुठल्या तरी गावी, एखाद्या घरात येते. तिथं विचारायला कोणी जात नाही. माणूस चेहऱ्याच्या भीतीला आधी शरण जातो. यात दुष्टपणा नाही, पण अन्याय होतो तो इथंच.

परळमध्ये काय ठरलं?

टाटा रुग्णालयानं त्या दिवसांत वेगळी वाट धरली. काम कमी केलं, बंद केलं नाही. कर्करोगाचे उपचार सरसकट थांबवले तर त्यानं होणारी हानी कोविडपेक्षा मोठी होऊ शकेल अशी त्यांची भूमिका होती. डॉ. शैलेश श्रीखंडे आणि सहकाऱ्यांनी पुढे आपला हिशेब प्रसिद्ध केला. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात, म्हणजे टाळेबंदी सर्वांत कडक असताना, तिथे ४९४ मोठ्या नियोजित शस्त्रक्रिया झाल्या. त्यातल्या ८५ टक्क्यांहून जास्त अवघड प्रकारातल्या. शस्त्रक्रियेनंतर मृत्यू किती? शून्य. नंतर २६ जणांची कोविड चाचणी करावी लागली, सहा जण पॉझिटिव्ह आले, आणि त्यांतल्या कोणालाही कोविडसाठी अतिदक्षता विभागात न्यावं लागलं नाही.

लगेच टाळ्या वाजवू नका. हे रुग्ण निवडलेले होते. त्यांचं मध्यक वय ४८, साठीच्या पुढचे फक्त १३ टक्के. याचा अर्थ वयस्कर आणि दुबळे रुग्ण बहुधा थांबले. म्हणजे तिथेही निवड होतीच. पण एक गोष्ट सिद्ध झाली की 'शक्यच नाही' हे खरं नव्हतं. कोविडसर्जच्या दुसऱ्या एका अभ्यासात, ५५ देशांतल्या ९१७१ रुग्णांत, हेच वेगळ्या रीतीनं दिसलं. जिथे शस्त्रक्रियेची वाट, म्हणजे ऑपरेशन थिएटर, अतिदक्षता विभाग आणि वॉर्ड कोविडपासून पूर्ण वेगळे ठेवले, तिथे फुप्फुसांच्या तक्रारी २.२ टक्के, आणि जिथे सरमिसळ होती तिथे ४.९ टक्के. म्हणजे स्वतंत्र दार आणि स्वतंत्र खाटा ठेवल्या तर काम चालतं.

देशाचा हिशेब

आता देशाकडे बघूया. राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातल्या ४१ केंद्रांनी २०१९ आणि २०२० या दोन वर्षांतले मार्च ते मे हे तीन महिने ताडून पाहिले. मोठ्या शस्त्रक्रिया १७,१२० होत्या, त्या ८,६७७ झाल्या. निम्म्यावर आल्या म्हणा ना. रेडिएशन २३ टक्क्यांनीच घटलं. आमची समजूत अशी की त्याला भूलतज्ज्ञ, व्हेंटिलेटर आणि रक्त फारसं लागत नाही. सुरीला सगळी साखळी लागते, म्हणून सुरी आधी थांबली.

पण आम्हाला हादरवणारा आकडा निराळाच आहे. नव्या रुग्णांची नोंदणी १,१२,२७० वरून ५१,७६० वर आली. साठ हजारांवर माणसं आलीच नाहीत. कर्करोग काही त्या वर्षी निम्मा झाला नव्हता. ही माणसं होती कुठे? घरी होती. गाठ चाचपत होती, तोंडातला व्रण आरशात बघत होती, 'हे संपू दे मग जाऊ' म्हणत होती. शस्त्रक्रिया पुढे ढकललेल्याला निदान एक फाईल तरी असते. यांना फाईलही नव्हती. आणि घट मोठ्या शहरांत जास्त होती, कारण मोठ्या शहरातल्या रुग्णालयांत लांबून प्रवास करून येणारे जास्त. म्हणून म्हटलं, 'जाण्याची' गोष्ट ध्यानात असू द्या.

जगाचंही तेच. ६१ देशांतल्या २०,००६ रुग्णांच्या अभ्यासात, जिथे पूर्ण टाळेबंदी होती तिथे १५ टक्के रुग्णांची ठरलेली शस्त्रक्रिया झालीच नाही. जिथे निर्बंध सौम्य होते तिथे हे प्रमाण ०.६ टक्के. टाळेबंदी नको होती असं आम्ही म्हणत नाही. तिची किंमत कोणी मोजली, ते सांगतो आहोत.

निवडणे

रुग्णांची क्रमवारी लावण्याला डॉक्टर 'ट्रायाज' म्हणतात. फ्रेंच शब्द आहे, अर्थ निवडणे, वेगळे काढणे. नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन लारे याच्याकडे त्याचं श्रेय जातं. त्याचा दंडक असा की जखम बघायची, हुद्दा नाही. आपल्याकडे आजी सुपात तांदूळ निवडायची. खडा बाजूला, दाणा बाजूला. पण सुपातल्या खड्याला कोणी विचारत नाही, कारण त्याला कळत नाही. रुग्णाला कळतं. निवड टाळता येत नाही हे आम्हाला मान्य आहे. खाटा शंभर आणि माणसं तीनशे असतील तर कोणीतरी थांबणारच. पण न्याय्य निवडीला तीन गोष्टी लागतात असं आम्हाला वाटतं. निकष आधी सांगितलेला हवा. थांबवलेल्याला कारण आणि अंदाजे काळ कळायला हवा, आणि शक्य असेल तिथे मधल्या काळाचा उपचार. स्तनाच्या काही कर्करोगांत शस्त्रक्रियेपर्यंत हार्मोनच्या गोळ्या देऊन रोग थोपवून धरता येतो, अनेक ठिकाणी तसं केलंही. आणि तिसरं, थांबलेल्यांची मोजदाद हवी. कोण थांबलं, किती थांबलं, पुढे त्यांचं काय झालं, याची वही.

ही तिसरी गोष्ट आपल्याकडे सर्वांत कच्ची राहिली. रोज संध्याकाळी कोविडचे आकडे जाहीर होत. बाधित, बरे झालेले, मृत. चौथा रकाना नव्हता.

चौथा रकाना

वहिनींची शस्त्रक्रिया जुलैच्या पहिल्या आठवड्यात झाली. चौदा आठवडे उशिरा. मधल्या काळात फोन आम्ही करायचो, तिकडून आला नाही. काखेतल्या गाठींत रोग पोचला होता. पुढे केमोथेरपी झाली, रेडिएशन झालं. दोन दिवाळ्या बऱ्या गेल्या. २०२२ च्या दिवाळीआधी त्या गेल्या.

आता कोणी म्हणेल, त्या चौदा आठवड्यांनी त्यांचा जीव घेतला. आम्ही तसं म्हणू शकत नाही. शंभरांत वीसच्या जागी पंचवीस जातात तेव्हा वरचे पाच कोण, हे कोणालाच दाखवता येत नाही. रोग मार्चमध्येच काखेत पोचला असेलही. त्या रुग्णालयावर राग धरावा असंही वाटत नाही. तिथल्या परिचारिकाही घरी लेकरं सोडून उभ्या होत्या. आमचे बंधू मात्र अजून म्हणतात, २७ तारखेला झालं असतं तर. आम्ही तर्कशास्त्र शिकवलेला माणूस, 'झालं असतं तर' या वाक्याची सत्यता कशी तपासायची यावर वर्गात तासन्‌तास बोललेलो. भावासमोर एक शब्द फुटत नाही.

पण एक गोष्ट सांगता येते. वहिनी कोविडच्या यादीत नाहीत. त्यांच्यासारखी जी माणसं गेली ती एकेकटी कुठल्याच यादीत नाहीत. ती फक्त बेरजेत दिसतात, आणि बेरीज करायची तर आधी वही हवी. पुढची साथ केव्हा येईल ते सांगता येत नाही. तेव्हा वेगळी दारं, वेगळ्या खाटा, जिल्ह्याच्या गावी होऊ शकणाऱ्या शस्त्रक्रिया, रुग्णाला आणणारी गाडी, ही तयारी तज्ज्ञ करतील. आपण सामान्यांनी एवढं मागावं की संध्याकाळच्या आकड्यांत तो चौथा रकाना असावा, आणि 'पुढची तारीख कळवू' म्हणणाऱ्यानं ती खरोखर कळवावी.

राहता राहिला तो शब्द. इलेक्टिव्हला मराठीत 'नियोजित' म्हणावं, आधी ठरवलेली. 'ऐच्छिक' म्हणू नये. हे आम्हाला वहिनींनी शिकवलं, आणि त्यांना ते सांगायचं राहून गेलं.